सहलीचे नियोजन : छत्रपती संभाजीनगरचे तीन दिवस

नाताळची सुट्टी आणि मे महिना जवळ आला की धर्मग्रामांतून सहलींची हालचाल सुरू होते. महिला मंडळ, युवा संघटना, ज्येष्ठ नागरिक, धर्मशिक्षणाचे शिक्षक, प्रत्येकाला कोठेतरी एकत्र जावेसे वाटते आणि ते योग्यच आहे. खुद्द प्रभूनेही दमलेल्या शिष्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घेण्यास सांगितले होते. वसई, पुणे, नाशिक, अहिल्यानगर व जालना या भागांतील अनेक धर्मग्रामांच्या सहली आमच्या शहराकडे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरकडे (पूर्वीचे औरंगाबाद) वळतात. अजिंठा व वेरूळ या दोन्ही लेण्यांना १९८३ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. ती पाहावयास जगभरातून माणसे येतात. मग आपल्या घराजवळचा हा ठेवा आपण का पाहू नये?

परंतु सहल ठरविणे आणि सहल नीट ठरविणे यांत अंतर आहे. पुष्कळदा कार्यक्रमपत्रिका म्हणजे ठिकाणांची यादी असते. दोन दिवसांत अकरा ठिकाणे लिहिली की सहल भरगच्च झाली असे संयोजकांना वाटते. प्रत्यक्षात निम्मा वेळ बसमध्ये जातो, वृद्ध मंडळी पायथ्याशी बसून राहतात आणि परतीचा प्रवास मध्यरात्री उरकावा लागतो. बुरूज बांधण्यापूर्वी बसून खर्चाचा अंदाज घेणाऱ्या माणसाचे उदाहरण लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात आहे. सहलीच्या संयोजकानेही तसेच आधी बसून हिशेब करावा. हा हिशेब पैशांचा तर आहेच, पण त्याआधी वारांचा, अंतरांचा, माणसांच्या शक्तीचा आणि चालकाच्या झोपेचा आहे. तो कसा मांडावा, हे आपण क्रमाने पाहू.

पहिला हिशेब वारांचा

अजिंठा लेणी दर सोमवारी बंद असतात. वेरूळ लेणी दर मंगळवारी बंद असतात. ही दोन वाक्ये ज्याने लक्षात ठेवली त्याचे अर्धे नियोजन झाले असे समजावे. शेकडो किलोमीटरचा प्रवास करून बंद फाटकापाशी पोहोचण्याची वेळ येते ती याच एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे.

सहल शुक्रवार ते रविवार किंवा गुरुवार ते शनिवार असेल तर कोणतीच अडचण नाही. शनिवार, रविवार व सोमवार असे दिवस हाती असतील तर अजिंठा शनिवारी किंवा रविवारी करावे आणि वेरूळ सोमवारी ठेवले तरी चालते. फक्त सोमवार व मंगळवार असे दोनच दिवस मिळत असतील तर सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा, हा एकच क्रम शक्य आहे. तो उलटा झाला तर दोन्ही लेणी हुकतात. देवगिरीचा किल्ला व बीबी का मकबरा यांना अशी साप्ताहिक सुट्टी नाही. म्हणून लेण्यांचे वार आधी पक्के करावेत आणि बाकीची स्थळे त्यांच्या भोवती बसवावीत.

वारांबरोबर सणांचाही विचार व्हावा. वेरूळ लेण्यांपासून जवळच घृष्णेश्वराचे ज्योतिर्लिंग आहे. महाशिवरात्रीला आणि श्रावणातील सोमवारी तेथे भाविकांची मोठी रीघ लागते व रस्ता भरून जातो. पैठणला फाल्गुनात नाथषष्ठीची यात्रा भरते. त्या त्या बांधवांच्या उपासनेचे ते दिवस आहेत. आपण त्या दिवशी गर्दीत भर घालू नये आणि आपल्या मंडळींनाही त्रास होऊ देऊ नये.

ऋतूविषयी सांगावयाचे तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात डोंगर हिरवे होतात व वेरूळच्या कड्यावरून पाणी कोसळते, मात्र पायऱ्या निसरड्या होतात. मे महिन्यात मराठवाड्याचे ऊन चाळीस अंशांच्या वर जाते. शाळांच्या सुट्ट्यांमुळे याच महिन्यात यावे लागत असेल तर दुपारी बारा ते चार हा वेळ भोजन व विश्रांतीसाठी राखून ठेवावा.

दुसरा हिशेब अंतरांचा

नकाशा समोर ठेवला तर आमच्या जिल्ह्यातील स्थळे तीन दिशांना विखुरलेली दिसतात. वायव्येस सुमारे पंधरा किलोमीटरवर देवगिरी अर्थात दौलताबाद, त्याच रस्त्यावर पुढे खुलताबाद आणि सुमारे तीस किलोमीटरवर वेरूळ. ईशान्येस जळगावच्या रस्त्यावर सुमारे शंभर किलोमीटरवर अजिंठा. दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवर पैठण. यावरून नियम सरळ निघतो: एका दिवशी एकच दिशा धरावी. वेरूळ व अजिंठा एकाच दिवशी करू पाहणारी सहल दोन्ही ठिकाणी धावते आणि काहीच पाहत नाही.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. अजिंठा हे आमच्या शहराचे अंग असले तरी ते जळगावला अधिक जवळ आहे. जळगाव स्थानकापासून लेणी सुमारे साठ किलोमीटरवर आहेत. मुंबई व नाशिककडील मंडळींनी रात्रीच्या गाडीने जळगावला उतरावे, तेथून ठरविलेल्या बसने सकाळी अजिंठा पाहावा आणि संध्याकाळपर्यंत सिल्लोड व फुलंब्रीमार्गे शहरात मुक्कामास यावे. असे केल्याने त्याच रस्त्यावरून पुन्हा जाण्याचे शंभर किलोमीटर वाचतात. परतीची गाडी मात्र छत्रपती संभाजीनगरहून धरावी. ऑक्टोबर २०२५ मध्ये या रेल्वे स्थानकाचे नावही बदलले आहे, म्हणून आरक्षण करताना नवे नाव पाहावे.

थेट शहरात येणाऱ्यांसाठी मुंबईहून दिवसा येणारी तपोवन एक्सप्रेस व रात्री सुटणारी देवगिरी एक्सप्रेस या जुन्या परिचयाच्या गाड्या आहेत. रात्रीची गाडी पहाटे पोहोचते. निवासस्थानाच्या खोल्या बहुधा दुपारी मिळतात. तेव्हा पहाटे उतरलेल्या चाळीस माणसांच्या अंघोळीची व न्याहरीची सोय कोठे होणार, हे निघण्यापूर्वीच ठरलेले असावे. हा प्रश्न फलाटावर उभे राहून सुटत नाही.

स्वतःची बस घेऊन येणाऱ्यांस वसईहून सुमारे साडेतीनशे, पुण्याहून सुमारे दोनशे पस्तीस किलोमीटर प्रवास करावा लागतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. त्याची एकूण लांबी ७०१ किलोमीटर आहे. त्या मार्गाने माळीवाडा येथे उतरले की देवगिरीचा किल्ला जवळच पडतो. मार्ग वेगवान आहे, आणि म्हणूनच पुढचा हिशेब अधिक महत्त्वाचा आहे.

तिसरा हिशेब चालकाच्या झोपेचा

१५ ऑक्टोबर २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ एका वाहनाची ट्रकला धडक बसली. बुलढाणा जिल्ह्यातील सैलानीबाबांचे दर्शन घेऊन नाशिककडे परतणारे भाविक त्यात होते. बारा जण मृत्युमुखी पडले. त्याआधी साडेतीन महिन्यांपूर्वी, १ जुलैच्या पहाटे, याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बसला आग लागून पंचवीस प्रवासी दगावले होते. या अपघातांची कारणे ठरविण्याचा अधिकार आमचा नाही. पण दोन्ही प्रसंगी घड्याळ रात्रीचे होते, एवढे तरी प्रत्येक संयोजकाने मनात धरावे.

रात्रीचा प्रवास ठरविण्यामागे हेतू चांगलाच असतो. एका मुक्कामाचा खर्च वाचतो, सोमवारी कामावर हजर होता येते. पण जो चालक सकाळी सहापासून मंडळींना फिरवीत आहे, त्यालाच रात्रभर गाडी चालवावयास लावणे हे काटकसर नव्हे. मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१ साली जो कायदा झाला, त्यात दिवसाला आठ तासांचे काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. आपली पत्रिका त्या मापाने तपासून पाहावी. परतीचा प्रवास आठ तासांचा असेल तर तो स्वतंत्र दिवसाचा कार्यक्रम आहे. त्याआधी दिवसभर स्थलदर्शन ठेवावयाचे असल्यास दुसरा चालक हवाच. मुक्कामाच्या ठिकाणी चालकाला झोपावयास खाट मिळते की तो बसच्या आसनावरच पडतो, हेही विचारावे. आपल्या चाळीस कुटुंबांचा विश्वास त्याच्या डोळ्यांवर असतो. वाहनात आसने असतील तितकीच माणसे घ्यावीत. आयत्या वेळी आलेल्या पाहुण्यांसाठी मधल्या वाटेत स्टुले टाकण्याची पद्धत आता तरी सोडून द्यावी.

चौथा हिशेब माणसांच्या शक्तीचा

धर्मग्रामाची सहल ही समवयस्क मित्रांची सहल नसते. तीत सात वर्षांचा वेदीसेवक असतो आणि सत्तरीची आजीही असते. म्हणून प्रत्येक स्थळाविषयी एकच प्रश्न विचारावा: येथे किती चढावे लागते?

अजिंठ्याला वाहने फर्दापूरच्या तिठ्यावर थांबवावी लागतात. तेथून सुमारे चार किलोमीटर लेण्यांपर्यंत एस.टी.च्या बसने जावे लागते. पुढे पायऱ्यांचा चढ आहे आणि वाघोरा नदीच्या नालाकृती दरीच्या कडेने तीस लेणी पसरली आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली मिळते. तिचा दर आधी ठरवून घ्यावा. साऱ्यांनी सर्व लेणी पाहण्याचा अट्टहास नको. इसवी सनापूर्वीच्या काळातील क्रमांक ९ व १० ही चैत्यगृहे, चित्रांसाठी १, २, १६ व १७ आणि महापरिनिर्वाणाच्या भव्य शिल्पासाठी २६ एवढी निवांतपणे पाहिली तरी मन भरून येते. पहिल्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर घाई करू नये. डोळे अंधाराला सरावले की मगच रंग दिसू लागतात. छायाचित्र घेताना झगझगीत प्रकाश पाडण्यास बंदी आहे, कारण दीड हजार वर्षे टिकलेले रंग त्याने फिके पडतात. येण्याजाण्याची वेळ धरून अजिंठ्याला पूर्ण दिवस द्यावा. सकाळी सातला निघाल्यास दहाच्या सुमारास लेण्यांत पोहोचता येते.

वेरूळची चौतीस लेणी सुमारे दोन किलोमीटरच्या कड्यात आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात एकाच खडकातून वरून खाली कोरीत आणलेले कैलास मंदिर म्हणजे क्रमांक १६. ते प्रवेशद्वारासमोरच असून त्याचे आवार बरेचसे सपाट आहे. म्हणून वृद्धांसाठी ते सर्वांत सोयीचे. ज्यांच्या पायांत बळ आहे त्यांनी क्रमांक १० चे चैत्यगृह, तीन मजली क्रमांक १२ आणि जैन लेण्यांतील क्रमांक ३२, इंद्रसभा, हीही पाहावीत. तीन धर्मांचे कारागीर शतकानुशतके एकाच कड्यात, एकमेकांच्या शेजारी देवाची घरे कोरीत राहिले, ही गोष्ट मुलांना तेथेच उभे करून सांगावी.

देवगिरीचा किल्ला मात्र वेगळा आहे. यादवांची ही राजधानी १३२७ साली महंमद तुघलकाने साऱ्या हिंदुस्थानची राजधानी केली होती. माथ्यापर्यंत शेकडो पायऱ्या आहेत आणि वाटेत भुयारी अंधारी लागते. तेथे वटवाघळांचा वास असतो व पाय जपून टाकावा लागतो. येथे गटाचे दोन भाग करावेत. तरुणांनी सकाळच्या गारव्यात वर जावे, इतरांनी खालचा चांदमिनार, तोफा व तटबंदी पाहून सावलीत बसावे. चढणाऱ्यांनी किती वाजता खाली यावयाचे ते आधी सांगून ठेवावे. वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतरचा उजेड त्यांच्या दर्शनी भागावर पडतो. म्हणून सकाळी किल्ला आणि दुपारी वेरूळ, हा क्रम थंडीच्या दिवसांत सर्वांत चांगला. उन्हाळ्यात मात्र किल्ला चढण्याचा बेत सोडावा आणि सकाळच्या सावलीत वेरूळ उरकावे.

तीन दिवसांची पत्रिका

वरील चारही हिशेब एकत्र केले म्हणजे पत्रिका आपोआप तयार होते. शुक्रवारी अजिंठा. शनिवारी सकाळी देवगिरी, वाटेत भोजन, दुपारी वेरूळ. रविवारी सकाळी पवित्र मिस्सा, त्यानंतर शहरातील स्थळे आणि दुपारनंतर परत. ज्यांना मुक्कामासाठी चौथा दिवस मिळतो त्यांनी पैठणला जावे. संत एकनाथांची समाधी, जायकवाडीचा नाथसागर आणि हातमागावर उतरणारी पैठणी ही तेथील तीन वैशिष्ट्ये.

शहरातील स्थळांना अर्धा दिवस पुरतो. १६१० साली मलिक अंबरने खडकी या नावाने हे नगर वसविले आणि डोंगरातील पाणी जमिनीखालच्या नहरींनी घरोघर आणले. पाणचक्कीलाही असेच दुरून नळांनी आणलेले पाणी फिरवीत असे. औरंगजेबाची पत्नी दिलरास बानू हिची कबर असलेला बीबी का मकबरा सतराव्या शतकातील आहे. तो सकाळी किंवा संध्याकाळी पाहावा, कारण दुपारी तेथील फरशी पाय भाजून काढते.

प्रत्येक दिवशी एक तास मोकळा सोडावा. त्या तासाचे काय करावयाचे ते पत्रिकेत लिहू नये. कोणाची चप्पल तुटते, कोणाला औषध घ्यावयाचे असते, कोणाला नुसते झाडाखाली बसून दोन शब्द बोलावयाचे असतात. सहलीतील मैत्री बहुधा याच तासात जुळते.

रविवारचे मिस्साबलिदान

धर्मग्रामाच्या सहलीत रविवार आला तर मिस्सा ही उरलेल्या वेळेत बसविण्याची गोष्ट नाही. शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्सानेही रविवारचे कर्तव्य पूर्ण होते, हे धर्मसंहितेत सांगितलेले आहे. तेव्हा सोयीनुसार वेळ निवडावी. शहरात संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाचे कॅथेड्रल आहे. मिस्सांच्या वेळा ऋतूनुसार बदलू शकतात, म्हणून धर्मग्राम कार्यालयात आधी दूरध्वनी करून विचारावे. पन्नास माणसे येणार असे आठवडाभर आधी कळविले तर आसनांची सोय करता येते, आणि आपल्या गायकवृंदाला एखादे गीत गाण्याची विनंतीही करता येते. औरंगाबाद धर्मप्रांताची स्थापना १९७७ साली झाली, परंतु मराठवाड्यातील आपल्या लोकांच्या श्रद्धेचा इतिहास त्याहून जुना आहे. तो कड्यांत कोरलेला नाही, वैजापूर-गंगापूरकडील खेड्यांतील साध्या घरांत आहे. मिस्सानंतर चहाच्या वेळी येथील कुटुंबांशी दहा मिनिटे बोलावे. तो भाग कोणत्याही मार्गदर्शकाच्या पुस्तकात नाही.

इतर धर्मीयांच्या पवित्र स्थानीही आपले वागणे यजमानांना शोभेल असे असावे. घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात पुरुषांना उघड्या अंगाने जावे लागते, खुलताबादच्या दर्ग्यात डोके झाकावे लागते. हे नियम पाळावयाचे नसतील तर नम्रपणे बाहेर थांबावे. थट्टा मात्र करू नये.

पैसे आणि मोजदाद

खर्च ठरविताना बसच्या आसनांवर भागाकार करू नये, पैसे भरून नाव नोंदविलेल्यांवर करावा. पंचेचाळीस जणांवर वाटलेला बसचा खर्च छत्तीस जणांवर आला की प्रत्येकाचा वाटा सव्वापट होतो, आणि मग निघण्याच्या दिवशी कुरबुर सुरू होते. दोन्ही लेण्यांच्या प्रवेशपत्रिका भारतीयांना चाळीस रुपयांच्या आसपास पडतात व पंधरा वर्षांखालील मुलांना पैसे पडत नाहीत. खरा खर्च वाहन, निवास व भोजन यांचा. हिशेबात थोडी रक्कम आजारपणासाठी राखून ठेवावी आणि ती न लागल्यास परत करावी. ज्यांना वर्गणी झेपत नाही अशी एक-दोन कुटुंबे प्रत्येक धर्मग्रामात असतात. त्यांची जागा गाजावाजा न करता भरून काढता आली तर पाहावे. घरकामाला जाणाऱ्या आईला वर्षातून एकदाच सुट्टी मिळते, आणि तिलाही कैलास मंदिर पाहण्याचा तितकाच अधिकार आहे.

प्रत्येक दहा जणांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी. बस सुटण्यापूर्वी तिने आपले दहा मोजावेत. नाझरेथचे पवित्र कुटुंब यरुशलेमहून परतताना बाळ येशू सोबतच्या लोकांत असेल असे समजून एक दिवसाची वाट चालून गेले होते. जिथे इतकी काळजीवाहू आईवडील चुकामूक टाळू शकले नाहीत, तिथे आपण मोजदादीचा कंटाळा करू नये. प्रत्येकाच्या खिशात निवासस्थानाचे नाव, पत्ता व संयोजकाचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. मधुमेहाच्या व रक्तदाबाच्या गोळ्या सामानात न ठेवता हातातील पिशवीत ठेवाव्यात. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक सर्वांना पाठ असावा.

बंधुभगिनींनो, सहलीची परीक्षा किती स्थळे पाहिली यावर होत नसते. सर्वांत वृद्ध व्यक्ती आणि सर्वांत लहान मूल पुढच्या वर्षी पुन्हा येऊ इच्छितात काय, आणि बसमध्ये बसलेला प्रत्येक जण सुखरूप आपल्या उंबरठ्यावर पोहोचला काय, यावर ती होते. तेव्हा पुढच्या बैठकीला वही, नकाशा आणि दिनदर्शिका घेऊन बसा. प्रथम सोमवार व मंगळवारवर खूण करा. मग चालकाच्या झोपेचे तास लिहा, आणि त्यानंतरच स्थळांची नावे. आपल्या सर्वांचे आमच्या शहरात मनःपूर्वक स्वागत असो आणि परतीची वाट प्रभू निर्विघ्न करो.